परत आलेली शेळी

पहाटे पाचला मेंढी गाभडली. त्या हंगामातली ती पहिली नव्हती.

दोलोतनं कोटाची उजवी बाही खांद्यापर्यंत सरकवली होती. कोकरू मेलेलंच आलं, अंगावर लोकर धरायच्या आतलं. पण वार आत अडकली होती. त्यानं कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटून चाचपलं आणि हळूहळू वार ओढून बाहेर काढली. हातातून वाफा निघत होत्या. दारात कुत्रा बसून होता.

"आके, हातमोजे दिलेत ना मी तुम्हाला?" बुरुल म्हणाली. बापाला ती आके म्हणे.

"दिलेस की. खुंटीला आहेत, छान दिसतात." दोलोतनं हात पेंढ्याला पुसला. "अगं, बोटाला आतलं दिसतं. रबराला दिसत नाही."

त्यानं वार दाराकडे भिरकावली. बुरुल फावडं घेऊन धावली, पण कुत्र्यानं ती वरच्यावर धरली आणि ओढ्याच्या अंगाला पळ काढला.

"खाऊ दे. त्याचाही हंगाम आहे."

"जिथं जिथं तो ती ओढत नेईल, तिथं तिथं हा रोग जाईल."

"बरं बाई." दोलोत उठायला गेला आणि गुडघा धरून पुन्हा खाली टेकला. महिनाभर त्याचं असंच चाललं होतं. दुपार कलली की अंग मोडून यायचं, दिवेलागणीला ताप चढायचा, सकाळी सदरा पिळून काढावा इतका घाम. वय झालं, म्हणायचा. वय पन्नाशीच्या आतलं होतं.

बुरुल राजधानीत, बिश्केकच्या विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकत होती. शेवटचं वर्ष, शेवटचं सत्र. प्रत्यक्ष कामासाठी तिनं आपलाच तालुका मागून घेतला होता. रोज सकाळी ती वडापच्या गाडीनं तालुक्याच्या साथरोग कार्यालयात जाई आणि संध्याकाळी कोक-जारला, आपल्या गावी परते. गावानं पहिल्याच वर्षी तिची परीक्षा घेतली होती. कुणी गुडघा पुढे केला, कुणी पाठ उघडी केली, आणि ही इंजेक्शन देत नाही, गोळी लिहून देत नाही, हे कळल्यावर तिचं नाव पडलं : बिनसुईची डॉक्टर. "मग करतेस काय गं?" म्हातारे विचारत. लोक आजारी पडू नयेत हे बघते, असं ती सांगे. "म्हणजे आजारी पडलो नाही की तुझ्यामुळं, असं का?" आणि हशा.

"या गाभडलेल्या मेंढ्या कुठल्या?" तिनं विचारलं.

"शरदातल्या बाजारातल्या. ट्रकवाल्याकडच्या."

"यांच्या डोळ्यात लशीचे थेंब पडलेत?"

"थेंबवाला येऊन गेला, त्याच्यानंतर घेतल्या. म्हणून तर स्वस्त पडल्या."

"त्या ट्रकमधून आणखी काय उतरवलंत?"

दोलोत बाही खाली ओढत होता. थांबला. "एकशिंगी शेळी," तो म्हणाला. "ती काय आता आपल्याकडे नाही. कुलिपाकडे साआनला दिलीय."

साआन म्हणजे आपलं दुभतं जनावर गरजूच्या दारात बांधायचं. दूध त्याचं, जनावर आपलं. देणाऱ्यानं ते मागायचं नसतं. हंगाम सरला की घेणाराच आणून बांधतो.

कुलिपाच्या घरी गरज होती, हे गावाला माहीत होतं. तिची सून उल्झान तिसऱ्यांदा गरोदर होती. आधीची दोन्ही मुलं पोटातच गेली होती. उल्झान आणि बुरुल शाळेत एका बाकावर बसत.

बुरुल तशीच गमबूट घालून निघाली. बर्फ वितळून गल्लीत घोट्याएवढा चिखल झाला होता. कुलिपाच्या अंगणात उल्झान शेळीच्या कासेशी बसली होती. पोट गुडघ्यांत मावत नव्हतं, म्हणून ती तिरकी बसून धार काढत होती. शेळीचं एक शिंग मुळाशी मोडलेलं. करडू कुठं दिसेना.

"करडू?"

"दिवस भरायच्या महिनाभर आधीच आलं. मेलेलं." उल्झाननं डोक्याचा रुमाल आवळला. "पण दूध आलं बघ. आईंनी वार ओढून काढली, मी शिंग धरलं होतं."

कुलिपा पेला घेऊन बाहेर आली. तिनं चरवीतलं फेसाळ दूध पेल्यात ओतलं आणि सुनेच्या हातात दिलं. "आटप. थंड झालं तर गेलं त्यातलं बळ."

"कुलिपा आपा, एक उकळी आणून द्या ना," बुरुल म्हणाली. "निरसं नको."

"उकळलेलं दूध म्हणजे धुतलेलं मांस. कासेतून पोटात जायला हवं. माझ्या नवऱ्याची खोकल्यानं पोखरलेली छाती याच्यावर भरून निघाली होती."

"जनावरात काही असलं तर ते दुधातून येतं. पोटातल्या बाळाला त्याचा—"

"काही असलं तर?" कुलिपानं चरवी खाली ठेवली. "म्हणजे काय? दोलोतनं मला आजारी शेळी दिली म्हणतेस?"

शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली. उल्झान पेला तोंडाशी धरून थांबली होती. सासूसमोर ती बोलत नसे; फक्त बुरुलकडे बघत होती.

वर्गात बुरुलनं हाच प्रसंग नकलेसारखा करून दाखवला होता. तिला शाबासकी मिळाली होती. प्राध्यापक म्हणाले होते, दवाखान्यातल्या डॉक्टरकडे रोगी आपल्या पायांनी येतो. तुमचा रोगी तुम्हाला शोधायचा आहे, आणि आपण रोगी आहोत हे त्याला माहीत नसणार. पण वर्गात शेळी परक्याची होती.

"नाही, नाही," ती म्हणाली. "शेळी चांगली आहे. आमच्याकडं... आकेंना ताप येतोय. त्यांना दूध हवंय. म्हणून शेळी न्यायला आले होते."

कुलिपानं उल्झानच्या हातातला भरलेला पेला काढून घेतला आणि दूध पुन्हा चरवीत ओतलं, थेंब न सांडता.

"जा तू. तुझ्या बापाची शेळी पोचेल."

ती दुपारी पोचली. मागच्या गल्लीनं आणता आली असती. कुलिपानं ती मोठ्या रस्त्यानं, दुकानासमोरून आणली. एका हातात कासरा, दुसऱ्यात कापडी पिशवी. पिशवीत त्या शेळीच्या दुधाच्या वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या होत्या, जेवढ्या घरात उरल्या होत्या तेवढ्या सगळ्या. तिनं पिशवी बुरुलची आई सायराकान हिच्यासमोर उंबऱ्यावर ठेवली.

"जे पोटात गेलं ते परत करता येत नाही, सायराकान. बाकी सगळं यात आहे."

"आत तरी ये. चहा—"

"चहा कशाला? तोही परत मागाल."

कुलिपा गेली. सायराकान लेकीकडं वळली. "तीस वर्षं मी या गल्लीत मान वर करून चालले. तुझं शिक्षण मला मान खाली घालायला लावणार होतं, तर तिकडंच राहायचंस."

"आपा, तिच्या पोटात मूल आहे," बुरुल म्हणाली. आईलाही ती आपाच म्हणे.

"मग तसं सांगायचं. आम्हाला दूध हवंय म्हणालीस? आम्हाला?"

बुरुलनं उंबऱ्यावरची पिशवी उचलली. तिनं त्या गोळ्या चुलीत टाकल्या. गोवरीच्या धुरात त्यांचा आंबट वास दिवसभर राहिला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कार्यालयात तिनं सगळं राइकान एजेंना सांगितलं. राइकान तिथली एकमेव साथरोगतज्ज्ञ; वयानं मोठी म्हणून सगळे तिला एजे, म्हणजे ताई म्हणत. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, पण जागेवर यायला कोणी तयार नव्हतं. दरवर्षी विद्यापीठातून पोरं बाहेर पडत. एक सीमेच्या नाक्यावर ट्रक तपासायला गेला, एक चीजच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत, एक जण पुढं शिकायला अल्माटीला. बुरुलच्या वरच्या वर्गातली एकजण राजधानीत परदेशी पैशावरच्या प्रकल्पात लागली होती, आणि तिथंच बुरुललाही जागा ठरली होती. काम : जनावरांतून माणसांत येणाऱ्या याच रोगाची चित्रपत्रकं तयार करणं. पगार चांगला, खोली उबदार. महिनाअखेरीस हो की नाही ते कळवायचं होतं.

"शेळी आता कुठाय?" राइकाननं विचारलं.

"आमच्या खुंट्याला."

"कुलिपाला कारण काय दिलंस?"

बुरुलनं सांगितलं. राइकाननं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे शेळी चांगली आहे, असं तू गावाला सांगितलंस."

"तसं नाही—"

"तसंच. साथरोग कार्यालयातल्या मुलीनं सांगितलं, शेळी चांगली आहे. उद्या गुरांच्या डॉक्टरला घेऊन येते मी. तोवर तिला कुणाला हात लावू देऊ नकोस."

"उद्या आकेंकडं गावच्या मेंढ्या सोपवायचा दिवस आहे."

दोलोतचं पोट त्यावरच चाले. दर वसंतात गाव आपल्या मेंढ्या त्याच्या हवाली करी. तो त्या वरच्या कुरणात नेई, पानगळीला खाली आणी. एवढं एक काम, वर्षाचं.

"मग लवकर येते," राइकान म्हणाली.

संध्याकाळी बुरुल परतली तेव्हा खुंटा रिकामा होता. दावं गुंडाळून भिंतीला टांगलेलं.

"तुरारकडं दिली," दोलोत म्हणाला. तो अंगावर मेंढीचं कातडं घेऊन चुलीशी बसला होता. दात वाजत होते, पण चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. "त्याच्या बायकोला दूध उतरत नाही, दोन लहानगी आहेत. परत आलेली साआनची शेळी दारात बांधून ठेवली असती तर लोक म्हणाले असते, दोलोत शेजाऱ्याचं दूध मोजतो. आता कुणी काही म्हणणार नाही."

"आके, ती शेळी आजारी आहे!"

"तू तर चांगली म्हणालीस. कुलिपा गावभर सांगतेय."

बुरुल धावतच तुरारकडं गेली. तो दारातच भेटला, हसऱ्या तोंडाचा, दुकानात मालाचे पेटारे उतरवणारा माणूस. त्याच्या धाकटीच्या वरच्या ओठावर दुधाची मिशी वाळली होती.

"काय डॉक्टर? शेळी न्यायला? माझ्याकडं तर तिची अजून एक रातही झाली नाही."

यावेळी तिनं सरळ सांगितलं. रोगाचं नाव सांगितलं. ब्रुसेलोसिस, ताप, सांधे, पोटातली मुलं. तुरारचं हसू हळूहळू गेलं. त्यानं मुलीच्या ओठावर बाही फिरवली, मग बाहीकडं बघितलं.

"मग हे कुलिपाला का नाही सांगितलंस?"

"हिम्मत झाली नाही."

"तिच्या वेळी हिम्मत झाली नाही, म्हणून ती माझ्या दारात आली." तो ओरडला नाही. स्वतः कासरा सोडून त्यानं तिच्या हातात दिला. "आता बघू, उद्या सगळ्यांसमोर होते का."

घरी येऊन तिनं शेळी गोठ्यापासून लांब, मोडक्या गाडीच्या चाकाला बांधली आणि बापासमोर बसली.

"उद्या मी सांगणार आहे."

दोलोतनं चुलीत काटक्या सारल्या. "सांग," तो म्हणाला. "पण मोजणी झाल्यावर. एकदा मेंढ्या माझ्या झाल्या की कुणी परत नेत नाही. वर नेल्यावर मी जपेन त्यांना. हातमोजे घालीन."

"तुमच्या आजारी मेंढ्यांत त्यांच्या चांगल्या मेंढ्या मिसळल्या, की मग सांगून काय उपयोग?"

"माझा हंगाम जाईल, पोरी."

"हो."

"कसं हो म्हणतेस गं." तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

सकाळी गावाबाहेरच्या मेंढवाड्यापाशी गर्दी जमली. ज्याची त्याची मेंढरं, ज्याच्या त्याच्या पाठीवर रंगाचा पट्टा. कुणाचा निळा, कुणाचा तांबडा. बाया किटलीतून चहा देत होत्या. दोलोत वाड्याच्या तोंडाशी उभा होता. एकेक मेंढी आत सोडायची, मालकानं आणि त्यानं एका सुरात आकडा म्हणायचा, अशी रीत. पहिला मान म्हाताऱ्या कुलिपाचा. तिच्या चार मेंढ्या मुलानं पुढं काढल्या.

राइकान एजेंची गाडी अजून आली नव्हती. बुरुल वाड्याच्या तोंडात जाऊन आडवी उभी राहिली.

"मेंढ्या आत सोडू नका," ती म्हणाली. आवाज मागंपर्यंत पोचला नाही, तिनं पुन्हा म्हटलं. "आमच्या मेंढ्या गाभडताहेत. रोग आहे. एकशिंगी शेळीलाही तोच असणार. कुलिपा आपा, मी तुम्हाला खोटं सांगितलं."

कुणीतरी हसलं. "बिनसुईची बोलली!" पण हसणाऱ्याला साथ मिळाली नाही, कारण तुरार पुढं येऊन म्हणाला, "ऐका तिचं."

कुलिपा काठी टेकत जवळ आली. "खोटं का सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत, दोलोतनं आजारी शेळी दिली काय. मला हो म्हणवलं नाही."

"आणि माझी सून ते दूध पीत होती."

"हो."

"तीन आठवडे. माझ्या हातानं." कुलिपानं काठी चिखलात रोवली. "मी तिच्या तोंडाला पेला लावत होते. ती मानेनं नको म्हणायची."

सगळ्यांनी दोलोतकडं बघितलं. त्याला उन्हातही थंडी वाजत होती. त्यानं एकदा गर्दीकडं, एकदा मेंढ्यांच्या रंगीत पाठींकडं बघितलं. मग वाड्याचं लाकडी दार ओढून बंद केलं आणि आडणा घातला, बाहेरून.

"शेळी मी दिली," तो म्हणाला. "दोन्ही वेळा मीच. पोरीला बोलू नका."

लोक तिथंच घोळका करून बोलत राहिले. नदीपल्याडच्या गावात एक मेंढपाळ होता. दुपारपर्यंत त्याला फोन गेले. पण राइकान आणि गुरांचा डॉक्टर तोवर पोचले होते. तपासणी होईपर्यंत कोक-जारचं एकही जनावर हलणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यावरून आणखी आरडाओरडा झाला. नदीपल्याडच्यानंही फोन बंद केला. सायराकाननं किटल्या गोळा केल्या. एका बाईनं तिच्याकडं पाठ फिरवली, दुसरीनं किटली उचलायला हात लावला.

दोन दिवसांनी शाळेच्या खोलीत माणसांचं रक्त घ्यायला सुरुवात झाली. नर्स सुई टोचत होती, बुरुल नळ्यांवर नावं घालत होती. पहिल्या तासात कोणी आलं नाही. मग दोलोत आला. तो बाकावर बसला आणि कोटाची उजवी बाही खांद्यापर्यंत सरकवली, मेंढीपाशी सरकवायचा तशी.

"आता तरी सुई आहे म्हणायची," तो नर्सला म्हणाला. "नाहीतर माझ्या लेकीवर लोकांचा विश्वास बसायचा नाही."

त्याच्यामागून तुरार आला, दोन्ही पोरींना काखेत घेऊन. मग इतर, एकेक दोनदोन. सगळे नाही.

उल्झान आली ती शेवटी. पुढं कुलिपा, मागं ती. बुरुल उठून उभी राहिली. कुलिपानं तिच्याकडं बघितलं नाही; सुनेला बाकावर बसवलं, तिच्या रुमालाचं टोक सारखं केलं आणि नर्सला म्हणाली, "हळू. तिच्या शिरा नाजूक आहेत."

सुई आत गेली तेव्हा उल्झान बुरुलला म्हणाली, "लाथा मारतोय. आता, या क्षणाला." सासूसमोर ती एवढंच बोलली.

तालुक्याच्या कार्यालयात राइकाननं पांढऱ्या काचेच्या पट्टीवर रक्तातल्या पाण्याचे थेंब ओळीनं टाकले, शेजारी गुलाबी औषधाचे. काडीनं कालवायला पट्टी बुरुलकडं दिली. रोग नसला तर थेंब सपाट गुलाबी राहतो. असला तर नासलेल्या दुधासारखा फुटतो. दोलोतचा थेंब लगेच फुटला. तुरारच्या पोरींचे सपाट राहिले. दूध पिऊन फार दिवस झाले नसल्यानं त्यांचं रक्त महिन्यानं पुन्हा घ्यायचं आहे. बुरुल पट्टी हलवत राहिली. उल्झानचा थेंब बराच वेळ सपाट होता. मग कडेनं बारीक दाणे दिसू लागले.

"हलव अजून," राइकान म्हणाली.

बुरुलनं हलवली. दाणे गेले नाहीत.

त्याच संध्याकाळी उल्झानला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. गरोदरपणात चालतील अशा गोळ्या सुरू झाल्या आहेत. दीड महिना घ्यायच्या आहेत. उशाशी कुलिपा आहे. वॉर्डातलं दूध ती स्वतः स्वयंपाकघरात जाऊन उकळून आणते, असं नर्स सांगते. दोलोतच्याही गोळ्या चालू आहेत; ताप उतरला, गुडघे तसेच आहेत. गावच्या मेंढ्या गावातच आहेत, पाठीवरचे रंग पावसानं ओघळलेले. त्या कोण नेणार, हे तपासणीचे निकाल आल्यावर ठरेल. महिनाअखेर होऊन गेली; बिश्केकहून दोनदा फोन आला आणि बुरुलनं दोन्ही वेळा सांगितलं, सध्या इथं काम आहे.

एकशिंगी शेळी अजून मोडक्या चाकाला बांधलेली आहे. गुरांच्या डॉक्टरची तिला न्यायची गाडी आलेली नाही. सकाळ-संध्याकाळ कास तटतटते, म्हणून बुरुल हातमोजे घालून धार काढते. दोलोत शिंग धरतो; त्याच्याही हातात मोजे असतात. दूध चुन्याच्या खड्ड्यात ओततात. आज सकाळी दवाखान्यात विचारलं, तेव्हा बाळ हलत होतं.